लाटेवर स्वार होण्यापूर्वी

१९६८ साली ज्या परिसरात जागतिक व्यापार मेळा भरला, तो चेन्नईचा अण्णा नगर भाग आज मध्यमवर्गीय कुटुंबांनी गजबजलेला आहे. तेथील एखाद्या मराठी घरात उन्हाळ्याच्या सुटीचा विचार सुरू झाला, की तरुण मंडळी हल्ली अंदमानचे नाव घेतात; आणि तेही केवळ बेट पाहण्यासाठी नव्हे, तर फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्यासाठी. या क्रीडेस सर्फिंग म्हणतात. बेत उत्तम आहे. मात्र त्याचा क्रम उलटा होऊ नये. बेटावर जाऊन शिकण्यापेक्षा, शिकून बेटावर जावे.

असे का, ते पाहू. सर्फिंगसाठी ख्यातनाम असलेला बटलर बे हा किनारा छोट्या अंदमानात आहे. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर गाठता येते; २०२४ साली या शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले. तेथून सुमारे १२० किलोमीटर दक्षिणेस असलेल्या हट बे बंदरास जहाजाने जावे लागते. हवामान बिघडले तर जहाज रद्द होते. मोठे रुग्णालय श्रीविजयपुरमलाच. हिंदी महासागरातील दूरच्या वादळांनी उठविलेल्या लाटा येथे येऊन फुटतात, आणि तळाशी कोठे कोठे प्रवाळ असते. नवशिक्याने पहिला धडा गिरविण्याची ही जागा नव्हे.

पहिला धडा घराजवळच मिळतो. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कोवलम हे कोळ्यांचे गाव आहे. (केरळातील कोवलम निराळे.) तेथील मच्छीमार मूर्ती मेगवन यांनी २०१२ साली सर्फिंगची शाळा सुरू केली, आणि कोळ्यांची मुले या खेळात पारंगत झाली. त्यात नवल ते काय? ओंडके बांधून केलेल्या ‘कट्टुमरम’वर उभे राहून लाटा ओलांडणे हा तर त्यांच्या पूर्वजांचा नित्याचा व्यवसाय! पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये जवळच्याच महाबलीपुरम येथे आशियाई स्पर्धा झाली, आणि रमेश बुदिहाळ यांनी भारतास कांस्यपदक मिळवून दिले.

ईशान्य मोसमी पाऊस ओसरल्यावर, जानेवारीपासून, काही रविवार या शिक्षणास द्यावेत. ज्यास पोहता येत नाही, त्याने आधी तलावात पोहणे शिकावे. समुद्रावर सकाळी लवकर जावे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा लाटा विस्कटून टाकतो. फळी मोठी व मऊ असावी, आणि तिची दोरी घोट्याला बांधलेली असावी. पडताना डोके खाली करून सूर मारू नये, अंग पसरून पडावे.

सर्वांत महत्त्वाचा धडा ओढीचा. किनाऱ्यावर आलेले पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने मागे फिरते. त्यात सापडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारतो, थकतो आणि बुडतो. अशा वेळी फळी सोडू नये, हात उंचावून मदत मागावी, आणि ओढीबाहेर पडेपर्यंत किनाऱ्यास समांतर पोहावे. हा धडा घरातील प्रत्येकास, काठावर बसणाऱ्या आजीसही, ठाऊक असावा.

मग प्रवासाची तयारी करावी. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात पोहोचतो. तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच जाऊन यावे. परतीच्या विमानापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. खाड्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातील मगरी असतात, म्हणून स्थानिक माणसास विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये. ओंगे आदिवासींच्या राखीव क्षेत्रास १९५६ च्या विनियमाचे संरक्षण आहे. कुतूहलापोटीही तिकडे वळू नये.

निघण्याच्या आठवड्यात पालकांनी मुलांची एकदा कोवलमलाच परीक्षा घ्यावी. ज्याची तयारी पुरी झाली नसेल, त्याने या खेपेस बेटावर फक्त वाळूत खेळावे. त्याचा थोडा हिरमोड होईल, पण लाटा पुढील वर्षीही येणारच आहेत.