संशोधक-संघाची घटना : महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीवरून कांहीं विचार

(१) निरनिराळ्या संस्थांत व घरोघरीं विखुरलेल्या साधनांवर संशोधकांनीं एकमेकांशीं मेळ घालून काम कसें करावें, हा प्रश्न आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाहीं. आमच्या टेंभुर्णी (जि. जालना) गांवीं एका गृहस्थांच्या घरीं पोथ्यांचा एक मोठा गठ्ठा आहे. त्यांतील एक पोथी बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या शब्दावर एका संस्थेकडे पाहावयास गेली, ती परत आली नाहीं. पोंचपावती घेतली नव्हती, सबब मागण्यास आधारहि नव्हता. तेव्हांपासून ते गृहस्थ गठ्ठ्याची गांठ सोडीत नाहींत, आणि ती सोडा असें म्हणण्यास आम्हांस तोंड उरलेलें नाहीं. वाळवी मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीं. कोणत्या नियमांनीं बांधलेल्या संघापुढें हे गृहस्थ ती गांठ सोडतील, हें शोधण्याकरितां प्रस्तुत लेख लिहिला आहे.

(२) संशोधकांनीं संशोधकांकरितां संघ काढावा, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, व पुढें दप्तरांच्या शोधांत गांवोगांव पायपीट केली. परंतु एकट्याच्या पायांस मर्यादा असतात. ता. ७ जुलै १९१० रोजीं त्यांनीं सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यामुळें एकाच्या श्रमाचें फळ दुसऱ्याच्या परीक्षेस उतरूं लागलें. तथापि अनेक संस्थांनीं मिळून एकच काम तडीस नेल्याचें उदाहरण पाहावयाचें, तर महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीकडेच वळावें लागतें.

(३) या आवृत्तीची कल्पना प्रथम यूरोपांत निघाली. १८९७ सालीं पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेंत विंटरनिट्झ यांनीं ती मांडली. पुढें यूरोपांतील विद्वत्संस्थांच्या संघानें तें काम अंगावर घेतलें, व १९०८ सालीं ल्यूडर्स यांनीं छोटासा नमुनाहि छापला. इतक्यांत पहिलें महायुद्ध जुंपलें. ज्या राष्ट्रांच्या संस्था एकत्र बसावयाच्या, तींच एकमेकांवर तोफा डागूं लागलीं, व योजना बारगळली. इकडे पुण्यास १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांचें साह्य देऊं केलें, आणि ता. १ एप्रिल १९१९ रोजीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें कामाचा आरंभ झाला.

(४) आरंभींच सर्व कांहीं सुरळीत होतें असें नाहीं. १९२३ सालीं उत्गीकर यांनीं विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ति सिद्ध केली. ती अखेरची म्हणून नव्हे, तर विद्वानांनीं दोष काढावे म्हणूनच वांटण्यांत आली. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, व पाठतुलनेची पद्धति पक्की बांधली गेली. ती अशी : प्रत्येक श्लोकाकरितां आंखलेल्या तक्त्याच्या वरच्या ओळींत रूढ पाठाचें एकेक अक्षर एकेका घरांत लिहावयाचें. खालीं एकेका पोथीस एकेक ओळ द्यावयाची, व जेथें भेद असेल तेथेंच, त्या अक्षराच्या खालीं, तो नोंदावयाचा. हरताळ फांसून केलेली दुरुस्ती किंवा समासांत वाढविलेला मजकूर यांचा शेरा बाजूस. एवढ्या साध्या युक्तीनें असें झालें कीं, शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् अशा भिन्न लिपींतील साक्षी एकाच पत्रकावर येऊन बसल्या. बंगाली पोथ्यांचें काम शांतिनिकेतनास व दक्षिणेकडील पोथ्यांचें तंजावरास होऊं शकलें, कारण तक्ता सर्वत्र सारखा होता. पोथी हलली नाहीं तरी पाठ पुण्यास पोंचला.

(५) या घटनेची कसोटी तीन वेळां लागली. पहिली कसोटी सत्याची. आदिपर्व १९३३ सालीं ६० पोथ्यांच्या आधारें पुरें झालें. त्यानंतर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांजकडून एका अतिप्राचीन पोथीचे पाठ आले, व त्यांनीं सुकथनकरांनीं निश्चित केलेल्या पाठांस मोठी पुष्टि दिली. दुसरी कसोटी अंतराची. विराटपर्व लाहोरच्या रघुवीर यांनीं, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार दे यांनीं, तर सभापर्व अमेरिकेंतील एजर्टन यांनीं संपादिलें. यांपैकीं सभापर्व १९४४ सालीं, म्हणजे दुसरें महायुद्ध चालू असतांना, बाहेर पडलें. जो घाव यूरोपीय योजनेस प्राणांतिक झाला, तो ही योजना सोसूं शकली. तिसरी कसोटी मृत्यूची. ता. २१ जानेवारी १९४३ रोजीं सुकथनकर निवर्तले. धुरा डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनीं, व त्यांच्यामागून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं वाहिली. १९६६ सालीं, एकंदर १२५९ पोथ्यांचा उपयोग करून, १९ खंडांचें कार्य समाप्त झालें. पद्धति लेखनिविष्ट होती, म्हणून माणूस गेला तरी काम राहिलें नाहीं.

(६) यावरून आमच्या प्रांताकरितां तीन नियम निष्पन्न होतात. पहिला : मूळ पोथी धन्याच्या घरीं राहावी, जावयाची ती प्रतिमा किंवा पाठ. आज खिशांतील भ्रमणध्वनीनेंहि पानांचें स्वच्छ छायाचित्र धन्याच्या डोळ्यांदेखत घेतां येतें. तेव्हां मूळ मागण्यास सबब उरलेली नाहीं. दुसरा : नोंदीचा नमुना सर्वांचा एक असावा. पत्रसंख्या, लांबीरुंदी, लिपि, आदि व अंत, पुष्पिका, लेखनकाल इतक्या रकाने सर्वांनीं सारख्याच भराव्या. तिसरा : पोथी ज्याची व नोंद ज्याची, त्या दोघांचीं नांवें प्रत्येक मुद्रित उपयोगांत यावीं. संपादकाच्या नांवाखालीं इतरांचे श्रम गडप होतात, तेथें संघ फार काळ टिकत नाहीं.

(७) चौथा नियम आम्हांस कोठें छापलेला आढळला नाहीं. तो त्या गृहस्थांनींच सांगितला. वरील तिन्ही नियम आम्हीं त्यांस वाचून दाखविले. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, “गुरुजी, पावतीवर सही कोणाची?” संस्थेची म्हटल्यास त्यांचें समाधान होणार नव्हतें, कारण संस्थेंतील माणसें बदलतात. सबब, जो पाहावयास येईल त्यानें स्वतःच्या नांवानें सही करावी, व संघानें तिची दुसरी प्रत जपावी, हा चौथा नियम आम्ही येथें जोडतों. पहिली पावती आमच्या सहीची राहील. मागील पोथीचें ऋण तिनें फिटणार नाहीं; पण पुढील गांठ सुटण्यास ती कदाचित् पुरेल. संग्राहकांनीं व जाणत्यांनीं या घटनेंतील त्रुटि अवश्य दाखवाव्या, अशी विनंति आहे.