एक गाडी, दोन कामे : मागच्या आसाचा विचार

बैलगाडीच्या मागच्या बाजूस ओझे अधिक झाले की ती 'उलाळ' होते. जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. भार मागे सरला म्हणजे काय होते, हे आपल्या कुणब्याने या एका शब्दात सांगून ठेवले आहे. सरळ धावेच्या शर्यतीत उतरणाऱ्या मोटारीचे कोडेही ह्याच जातीचे आहे.

ही शर्यत रूढ अर्थाने पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. उभी मोटार झेपावते तेव्हा चाकांचा रेटा जमिनीच्या पातळीवर लागतो. गुरुत्वमध्य मात्र त्याहून वर असतो. म्हणून पुढच्या चाकांवरील काही भार मागे जातो. गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, दोन आसांतील अंतर अडीच मीटर आणि वेगवाढ गुरुत्वाच्या निम्मी धरली, तर १२० किलो भार मागे सरकतो. मागची चाके गाडी हाकत असतील तर त्यांची पकड वाढते. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना हाच नियम बाधक ठरतो.

मऊ स्प्रिंगा घातल्या की अधिक भार मागे जातो, हा समज बरोबर नाही. भार किती सरकावा हे मुख्यतः वेगवाढ, उंची आणि अंतर ठरवितात. तो किती झटक्याने पोहोचावा, एवढेच स्प्रिंगा आणि शॉक ॲबसॉर्बर ठरवितात.

जुन्या जीपला किंवा २०१४ साली उत्पादन थांबलेल्या ॲम्बॅसेडरला मागे पाटे असत. पाट्यांवर दोन कामे पडतात : ओझे पेलणे आणि आस जागेवर धरणे. जोराचा रेटा मिळताच आस उलट दिशेस पिळला जातो, पाटे नागमोडी वाकतात आणि सुटतात. चाक उड्या मारू लागते व पकड तुटते. पाटे कडक करावेत तर खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक जमिनीवर टिकत नाही आणि घरची माणसे हादरतात. तेव्हा ही दोन कामे वेगळी करावीत. पाट्यांनी ओझे पेलावे. पीळ रोखण्यासाठी आसाला निराळा दांडा द्यावा. शॉक ॲबसॉर्बर कमीजास्त करता येणारे निवडावेत, म्हणजे शर्यतीच्या दिवशीची मांडणी दुसऱ्या दिवशी बदलता येते. मात्र आधी टायर, बुश आणि ब्रेक सुस्थितीत हवेत. वळण आणि ब्रेक यांत उणेपणा आणणारी कोणतीही सुधारणा नित्याच्या गाडीस त्याज्य होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांना मर्यादा घालते, तर १८९ वे कलम परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी लावलेली शर्यत गुन्हा ठरविते. आपल्या औराद-बीदरच्या रस्त्यावरून शाळेची मुले चालतात, उसाच्या गाड्या जातात. तरुणांनी हे शास्त्र अवश्य शिकावे. त्याची परीक्षा मात्र बंदिस्त धावपट्टीवरच द्यावी.