दंडावरची खूण

घरातल्या साठीच्या माणसाची बाही जरा वर सरकवून बघा. दंडावर किंवा हातावर किंचित दबलेला, गोलसर डाग दिसेल. ती देवी टोचल्याची खूण. (तरुणांच्या दंडावर असतो तो बीसीजीचा.) देवीचा रोग गेला, १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं आणि देवीची लस बंद झाली. ती लस आणखी एका विषाणूला थोपवून धरत होती, हे मात्र लोकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो विषाणू मंकीपॉक्सचा, म्हणजे आताच्या नावाने एमपॉक्सचा. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत सापडला म्हणून हे नाव पडलं. त्याचं खरं बिऱ्हाड आफ्रिकेच्या जंगलातल्या खारी-उंदरांसारख्या लहान प्राण्यांत असावं. माणसातला पहिला रुग्ण १९७०मध्ये काँगोतल्या बासानकुसूच्या रुग्णालयात आला, नऊ महिन्यांचं बाळ. घरातल्या सगळ्यांना देवी टोचलेल्या, राहिलं होतं ते एवढंच. मला या साऱ्या कहाणीचं मर्म त्या एका घरात दिसतं.

पुढे लस न टोचलेल्या पिढ्या वाढत गेल्या, तसे रुग्णही वाढले. २०१७मध्ये नायजेरियात डॉ. डिमी ओगोइना यांच्याकडे तरुण पुरुष येऊ लागले. एमपॉक्सचे फोड जननेंद्रियांवर होते. शरीरसंबंधातून लागण होत असावी, अशी शंका त्यांनी मांडली, पण तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०२२च्या मे महिन्यात युरोपात रुग्ण सापडू लागले आणि संसर्ग नेमका त्याच वाटेने शंभराहून अधिक देशांत पोचला. जुलैमध्ये केरळात आखाती देशातून परतलेला भारतातला पहिला रुग्ण आढळला. त्याच्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत झाली.

श्रीमंत देशांच्या कोठारांत लस होती. देवीचा विषाणू कुणी शस्त्र म्हणून वापरला तर, या भीतीने ती साठवलेली. धोक्यातल्या लोकांना ती मिळाली, लोकांनी स्वतःही जपून वागायला सुरुवात केली आणि साथ ओसरली. काँगोच्या वाट्याला काय आलं? २०२३मध्ये तिथल्या कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात विषाणूचा नवा उपप्रकार पसरला. १४ ऑगस्ट २०२४ला जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, आणि लशीची पहिली मोठी खेप काँगोतल्या किन्शासाच्या विमानतळावर उतरली ती ५ सप्टेंबरला. पहिल्या रुग्णानंतर ५४ वर्षांनी! या उशिराला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

काँगोतच टेकोव्हिरिमॅट या औषधाची चाचणी झाली. फोड लवकर बरे करण्यात औषध अपयशी ठरलं. पण चाचणीतल्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण १.७ टक्के होतं, देशात एरवी ते ३.६ टक्के किंवा त्याहून अधिक असे. तुलनेसाठी खोटं औषध दिलेलेही तितकेच वाचले होते. कारण चाचणीतल्या सगळ्यांनाच रुग्णालयात ठेवून घेतलं होतं, पोटात अन्न-पाणी जात होतं, जखमा स्वच्छ होत होत्या.

साथ आवरण्याचं कामही असंच चिकाटीचं. रुग्णाच्या अंगाला, अंथरुणाला कोण कोण लागलं ते विचारायचं, त्यांच्यावर २१ दिवस नजर ठेवायची. रुग्णाला वेगळं ठेवायचं ते शेवटची खपली गळून खाली नवी कातडी येईपर्यंत.