विश्लेषण : शोकात संगीत वर्ज्य, मग ज्यू शोक चेलोवर कसा आला?

सनातनी ज्यू घरात मृत्यू झाला की आधी संगीत थांबते. तरीही पाश्चात्त्य अभिजात संगीतात ज्यू शोक म्हटला की कानाशी येतो तो चेलो.

सुतक कसे पाळतात?

दफनानंतर सात दिवस ‘शिवा’. जवळचे नातेवाईक अंगावरचा कपडा फाडतात, बुटक्या आसनावर बसतात. अनेक घरांत आरसे झाकतात. आई-वडील गेले तर वर्षभर मैफली, समारंभ टाळायचे. मुलगा अकरा महिने ‘कद्दिश’ म्हणतो. ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, किमान दहा जण लागतात. विशेष म्हणजे तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही. आहे ती फक्त देवाची स्तुती. मुंबई-रायगडच्या बेने इस्रायली समाजातही ती म्हटली जाते.

‘कोल निद्रे’ शोकगीत आहे का?

नाही, पण अनेकांना तसे वाटते. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या पूर्वसंध्येला म्हटले जाणारे हे प्रतिज्ञांतून मुक्त होण्याचे वचन. त्याच दिवशी मृतांचे स्मरणही होते, म्हणून दोन्ही भाव मिसळले असावेत. माक्स ब्रुख यांनी १८८० मध्ये या चालीवर चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट. चाल त्यांना कळली ती बर्लिनचे प्रार्थनागायक लिख्टेनस्टाइन यांच्यामुळे. सुरुवातीला चेलो छोटे तुकडे गाऊन मध्येच थांबतो, गळा दाटल्यासारखा. खरा विलाप उत्तरार्धात आहे. ती धून आयझॅक नेथन यांची, बॅबिलॉनच्या काठी रडणाऱ्या ज्यूंवरच्या बायरनच्या कवितेसाठी बांधलेली. गंमत म्हणजे रडण्याची ही धून मेजर स्वरांत, म्हणजे उजळ!

चेलोच का?

त्याचा आवाका पुरुषी गळ्याच्या जवळचा, हे नेहमीचे उत्तर. अर्न्स्ट ब्लॉख यांचा अनुभव अधिक बोलका आहे. ते स्वतः ज्यू. बायबलमधील ‘उपदेशक’ ग्रंथ त्यांना गायकाकडून गाऊन घ्यायचा होता. पण फ्रेंच, जर्मन, इंग्रजी पटेना आणि हिब्रू पुरेशी येईना. चेलोवादक बारयान्स्की भेटले आणि शब्दच गळले. त्यातून १९१६ मध्ये ‘शेलोमो’ झाले. राव्हेल यांचे १९१४ चे ‘कद्दिश’ मुळात गायनासाठी होते. आज तेही चेलोवर वाजते.

सिनेगॉगमध्ये चेलो वाजतो का?

सनातनी सिनेगॉगमध्ये योम किप्पुरला वाद्ये वर्ज्य. अमेरिकेतील अनेक सुधारणावादी सिनेगॉगमध्ये मात्र त्या संध्याकाळी ब्रुख यांचीच रचना चेलोवर वाजवतात.