निरोप किती वेळ जिवंत ठेवावा?

पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडायचे ठरले की खालच्या गोदाकाठच्या गावांना आधी कळवावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला आणि पैठण शहरात पाणी शिरले, तेव्हा स्मार्टफोन घरोघरी नव्हते. आज असा निरोप एखादी शाळासुद्धा आपल्या संकेतस्थळावरून पालकांच्या फोनवर पाठवू शकते. मात्र तो उशिरा पोचला तर दाखवावा की टाकून द्यावा, नवा आल्यावर जुन्याचे काय करावे, हे पाठवणाऱ्याने आधी ठरवावे लागते. त्याने ठरवले नाही तर संगणकप्रणाली आपल्या मनाने ठरवते, आणि तिला गोदावरी ठाऊक नसते.

प्रथम निरोपाचा मार्ग पाहू. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एका शाळेचे संकेतस्थळ पालकाला विचारते, ‘सूचना पाठवू का?’ पालकाने होकार दिला की त्याचा ब्राउझर एका ‘पुश सेवे’कडे नाव नोंदवतो. क्रोमसाठी ही सेवा गूगलची, फायरफॉक्ससाठी मोझिलाची, सफारीसाठी ॲपलची. सेवा एक लांबलचक पत्ता देते आणि तो शाळेच्या संगणकावर साठवला जातो. पुढे शाळेचा निरोप थेट फोनकडे जात नाही. तो या सेवेकडे जातो आणि तेथून फोनकडे. प्रत्येक संकेतस्थळाशी वेगळी जोडणी ठेवली तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही, म्हणून ही सोय. (आयफोनवर हे मार्च २०२३ पासूनच शक्य झाले, तेही संकेतस्थळ होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच.)

पुश सेवा म्हणजे पोस्ट ऑफिस समजा. पाकीट मोहोरबंद असते, कारण मजकूर कूटबद्ध केलेला असतो आणि सेवेला तो वाचता येत नाही. तिला फक्त पाकिटावर लिहिलेले दिसते. तेथे काय लिहायचे याचे नियम इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग’ या नावाखाली जे रकाने दिसतात, त्यांतले महत्त्वाचे तीन याच नियमांतून आले आहेत.

पहिला रकाना आयुष्याचा. फोन बंद असेल तर निरोप किती सेकंद सांभाळायचा? हवामान खात्याचा मेघगर्जनेचा तात्काळ अंदाज साधारणपणे तीन तासांसाठी असतो. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. दुपारी तीनला पाठवलेला इशारा सहा वाजता मेला पाहिजे. पण अनेक प्रणालींमध्ये हा रकाना मोकळा सोडला तर २४,१९,२०० हा आकडा धरला जातो. विद्यार्थ्यांना ८६,४०० ने भागायला सांगा. बरोबर २८ दिवस येतील! मग शेतातून परतलेला पालक रात्री नऊला फोन चालू करतो आणि स्वच्छ चांदण्यात त्याला ‘विजांचा धोका, मुलांना बाहेर पाठवू नका’ असे वाचायला मिळते. दोन-तीनदा असे झाले की तो सूचना बंद करून टाकतो. एकदा बंद केल्यावर संकेतस्थळाला पुन्हा परवानगी विचारताही येत नाही. पालकानेच ब्राउझरमध्ये जाऊन ती उघडावी लागते. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप त्या घरी पोचणारच नाही, आणि आमच्या मते खरे नुकसान हेच आहे.

सगळ्यांचे आयुष्य तीन तास ठेवावे असे मात्र नाही. विसर्गाचा इशारा उशिरा मिळाला तरी कामाचा असतो, म्हणून त्याला दिवसभर जगू द्यावे. निकालाच्या सूचनेला आठवडाही चालेल. शून्य लिहिले तर ‘आत्ता पोचला तर पोचला’ असा अर्थ होतो.

दुसरा रकाना निकडीचा. त्याच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालची जाहिरातींसाठी आहे: फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असला तरच घ्यावी. सर्वांत वरची बॅटरी संपत आली असतानाही घेण्याजोग्या निरोपासाठी. स्नेहसंमेलनाची तारीख या पायरीवर चढवण्याचे कारण नाही, पण उत्साहाच्या भरात ती हमखास चढवली जाते.

तिसरा रकाना विषयाचा. सकाळी दहाला विसर्ग १०,००० क्युसेक होता आणि दोनला ५०,००० झाला असे समजा. दोन्ही निरोपांवर एकच विषय लिहिला असेल, तर न पोचलेला पहिला निरोप काढून त्या जागी दुसरा ठेवला जातो. विषय न लिहिल्यास पालकाला दोन्ही मिळतील आणि आधी कोणता वाचला जाईल ते सांगता येणार नाही.

निरोप पोचून पडद्यावर दिसू लागल्यावर पाकिटावरचे काम संपते. तेथे ‘टॅग’ नावाची वेगळी खूण लागते. सारखी खूण असली की नवी सूचना जुनीच्या जागी बसते, पण गुपचूप! आवाज नाही, थरथर नाही. १०,००० चे ५०,००० झालेले कोणाला कळणार? त्यासाठी ‘पुन्हा सावध कर’ अशी आणखी एक सूचना द्यावी लागते, आणि सर्वच ब्राउझर ती मानत नाहीत. म्हणून वर्गातील दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवर आधी चाचणी घ्यावी.

मजकुराच्या लांबीलाही मर्यादा आहे. सेवेने ४,०९६ बाइटपर्यंतचे पाकीट नाकारू नये असा नियम आहे. कूटबद्ध करण्यात त्यातले शंभरेक बाइट जातात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सारे वेगळे मोजायचे. ‘क्षि’ला चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट लागतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या मोकळ्या जागेसह ४९. इशाऱ्याला उरलेली जागा भरपूर आहे. प्रास्ताविकासह परिपत्रक पाठवायचे असेल तर नाही.

हे सारे नीट केले तरी नेटवर्क नसेल तर निरोप अडतो. सरकारने २०२३ साली देशभर चाचणी घेतलेली ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धत यापेक्षा वेगळी आहे. त्या वेळी अनेकांचे फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले होते. तीत मोबाईलचा टॉवर आपल्या टापूतील सर्व फोनांना एकदम ऐकवतो. त्याला इंटरनेट लागत नाही, फोनचा नंबरही लागत नाही. शाळेला मात्र ती वापरता येत नाही. इशारा अधिकृत सरकारी यंत्रणेकडूनच यावा लागतो.