नाल्याच्या अलीकडे, पलीकडे

सकाळी 7.00
चहाच्या आधी फोन. माजी नगरसेवक. "साहेब, आमचा नाला ओलांडला तुम्ही!" नाला महापालिकेचा; त्यांच्या मालकीची म्हणायची तर काठची मतं. ती प्रारूप प्रभागरचनेत शेजारच्या प्रभागात गेलीत. "दादा, लेखी हरकत दिलीय ना? मग अकराला सुनावणीत बोला," म्हणतो आणि आंघोळीला पळतो.

सप्टेंबर 2025. मी एका ड वर्ग महापालिकेतला कनिष्ठ अभियंता. मूळचा बांधकाम विभागाचा, सध्या निवडणूक शाखेच्या तावडीत.

9.15
कपाटात जुने नकाशे गुंडाळलेले. 2017ला चार सदस्यांचे प्रभाग, 2019च्या अखेरीस एका सदस्याचा कायदा, 2021ला तीन, 2022ला सरकार बदललं की पुन्हा चार. मुंबईचे 227 प्रभाग 236 झाले आणि परत 227. रेषा इतक्या वेळा बदलल्या, निवडणूक मात्र नाहीच. ओबीसी आरक्षणाच्या वादात सगळं थांबलेलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या 6 मे 2025च्या आदेशानंतर हललं.

लोकसंख्या मात्र अजून 2011चीच. बायपासला लागून टॉवर उभे राहिले, आमच्या तक्त्यात तिथे अजून शिवारच. मला हे सगळ्यात जास्त खुपतं. हरकतींत त्याचा उल्लेख औषधापुरता.

11.00
सभागृह गच्च. शासनाने नेमलेले प्राधिकृत अधिकारी मधोमध, मी नकाशाजवळ काठी घेऊन. हरकतींचा एक गठ्ठा एकाच संगणकावरून निघालेला: नावं वेगळी, पण 'भौगोलिक'मधली 'लि' सगळ्यांची दीर्घ. कुणी नाला म्हणतं, कुणी रेल्वेरूळ. अमुक समाज, तमक्याची मतं असं कुणीही बोलत नाही. बोलायची गरजही नसते, सभागृहात सगळ्यांना सगळं कळतं.

नियम तसे नेमके आहेत. उत्तरेकडून सुरुवात, ईशान्येवरून पूर्वेला, तिथून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली चालते. त्या दहा टक्क्यांतच सगळं राजकारण मावतं. नियमात बसणाऱ्या रेषा अनेक निघतात. त्यातली हीच कुणी निवडली, हे मला विचारू नका. मी प्लॉटरवर छापली.

साडेबाराच्या सुमारास एक बाई उठतात. वकील नाही, टाइप केलेलं काही नाही. "रस्त्याच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला आमची भावकी. वस्ती एकच आहे. दोन प्रभागांत कशी?" शक्यतो अनुसूचित जातींच्या वस्त्या तोडू नयेत, असे निर्देश आहेतच. साहेब माझ्याकडे बघतात. "गट हलवला तर?"

मी आकडेमोड करतो. वस्ती एका बाजूला घेतली की तो प्रभाग दहा टक्क्यांच्या वर जातो. मग त्यातून दुसरा गट बाहेर काढायला हवा, आणि हद्दीवरचा सोयीचा गट एकच: नाल्याकाठचा. म्हणजे तो परत दादांच्या पदरात. शिवाय अनुसूचित जातींचं आरक्षण टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने लागतं, त्यामुळे तो क्रमही हलू शकतो. मागच्या रांगेत दादा गालातल्या गालात हसतात. बाईंची मागणी रास्त आहे. फायदा कुणाला होतो म्हणून ती रास्त नाही असं होत नाही. साहेब लिहून घेतात, "तपासून अहवाल."

दुपारी 2.15
डबा. फोन बंद.

3.00
उच्च न्यायालयातल्या याचिकेवर पॅरावाइज रिमार्क्स. पहिलाच आक्षेप सरकारवर: मार्च 2022च्या कायद्याने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने घेतले, मग पंच कोण? उत्तरात आम्ही कायदा आणि आयोगाची अंतिम मान्यता पुढे करतो. आमचे वकील घटनेच्या 243 झेडजी कलमावर निवांत आहेत. प्रभाग पाडण्याच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देता येत नाही, असं ते कलम म्हणतं. तरी याचिका येतातच. खरं सांगायचं तर तो पहिला आक्षेप लिहिताना माझाही हात अडखळतो.

रात्री 8.30
सीमांचं वर्णन नकाशाशी ताडतो. लिपिक मॅडम वाचतात, मी बोट फिरवतो. "तिथून पश्चिमेकडे जुन्या जकात नाक्यापर्यंत..." नाका कधीच पाडला. विचारतो, "बदलायचं का?" मॅडम म्हणतात, "काय लिहिणार? चौकाला दुसरं नाव आहे कुठे?" तसंच ठेवतो. वस्तीचा पर्याय वेगळ्या कागदावर, लोकसंख्येच्या तक्त्यासह. सकाळी दहाला साहेबांना तीन प्रती हव्यात.