फोन मंदावतो तेव्हा नेमके काय झिजते

स्मार्टफोनचा प्रोसेसर वापराने मंदावत नाही. तीन वर्षांपूर्वी तो सेकंदाला जेवढी आकडेमोड करत होता, तेवढी आजही करू शकतो. तरीही फोन रखडतो, याचे कारण प्रोसेसरच्या आजूबाजूला असते: साठवणीची जागा भरलेली असते, ॲप्स जड झालेली असतात, बॅटरी थकलेली असते किंवा फोन तापलेला असतो. बहुतेक जुन्या फोनमध्ये यांतली एकाहून अधिक कारणे एकत्र नांदतात. त्यामुळे एकच उपाय करून पाहणारा माणूस निराश होतो आणि नवा फोन घेतो. पुष्कळदा त्याची गरज नसते.

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या परिसरात मोबाइलच्या दुकानांची दाटी आहे. तिथल्या दुरुस्तीच्या टेबलांवर ‘फोन हँग होतो’ ही तक्रार रोजचीच, आणि तिच्या मागोमाग गिऱ्हाइकाने स्वतःच सुचवलेला इलाजही ठरलेला: ‘फॉरमॅट मारून द्या.’ जाणता कारागीर लगेच फॉरमॅट मारत नाही. तो आधी स्टोरेज किती शिल्लक आहे ते उघडून पाहतो, फोनच्या पाठीवर तळहात ठेवून तो तापला आहे का ते बघतो, मागचे झाकण कडेने उचलले गेले आहे का यावर बोट फिरवतो आणि मग विचारतो, ‘सगळीकडेच स्लो आहे, का एकाच ॲपमध्ये?’ अर्धे निदान या प्रश्नाच्या उत्तरात असते.

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण फोन हळू आणि नेट हळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतःच्या पिकाची नोंद करू लागले. शेतात उभे राहून जीपीएसने जागा पकडायची, पिकाचा फोटो काढायचा आणि तो पाठवायचा, अशी ती पद्धत. रेंज अपुरी असली किंवा सर्व्हरवर गर्दी असली, तर चांगला फोनही तिथे गोल फिरत बसतो आणि दोष फोनच्या माथी येतो. याची परीक्षा सोपी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून गॅलरी, कॅल्क्युलेटर आणि संपर्कांची यादी उघडावी. ती झटकन उघडली, तर फोन ठीक आहे. तीही अडखळली, तर बिघाड फोनमध्येच शोधावा लागतो.

पहिला शोध साठवणीत घ्यावा. फोनमधली माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपवर राहते आणि तिची एक विलक्षण सवय आहे. तिच्यावर लिहिताना लहान लहान पानांत लिहिता येते, पण पुसताना अशा शेकडो पानांचा एक मोठा गठ्ठा एकदमच पुसावा लागतो. पाटीवरची एकच ओळ खोडायची सोय नाही, पुसायची तर अख्खी पाटी. म्हणून एखादा फोटो बदलला की नवी प्रत दुसऱ्या मोकळ्या पानावर लिहिली जाते आणि जुने पान नुसते ‘निकामी’ म्हणून नोंदले जाते. पुढे चिपचा कंट्रोलर सवडीने कामाची पाने दुसरीकडे हलवतो आणि तो गठ्ठा पुसून मोकळा करतो. मोकळी जागा भरपूर असेल, तर हे काम कोणाच्या लक्षात न येता होते. स्टोरेज ९५ टक्के भरले असेल, तर मात्र एक मेसेज साठवण्याआधीही चिपला हलवाहलव करून जागा करावी लागते, आणि तोवर पडदा गोठलेला दिसतो. स्वस्त फोनांत ईएमएमसी जातीची चिप असते. तिला एका वेळी वाचणे किंवा लिहिणे यांपैकी एकच काम जमते. महाग फोनांतली यूएफएस चिप दोन्ही कामे एकाच वेळी करते. दोन फोनांची रॅम सारखी असूनही त्यांतला एक दोन वर्षांत का दमतो, याचे उत्तर पुष्कळदा या फरकात मिळते, आणि जाहिरातीत तो क्वचितच ठळकपणे सांगितला जातो.

भारतात स्टोरेज भरण्याचे एक कारण जगाला कुतूहलाचे वाटले. २०१८ च्या सुरुवातीला अशी बातमी आली, की इथल्या फोनांची जागा का संपते याचा शोध घेताना गुगलच्या संशोधकांना सूर्योदय, फुले, देवदेवता आणि सुविचार असलेली लाखो ‘गुड मॉर्निंग’ चित्रे सापडली. मराठी घरांत तीच ‘शुभ सकाळ’. त्याआधी काही आठवडेच, डिसेंबर २०१७ मध्ये, गुगलने दिल्लीत ‘फाइल्स गो’ हे ॲप आणले होते. अशी चित्रे वेगळी काढून पुसण्याची सोय त्यात आली. आज ते ‘फाइल्स’ या नावाने बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आधीपासूनच असते.

सफाईची सुरुवात व्हॉट्सॲपपासून करणे हिताचे. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले, की कोणत्या गटाने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसते. पाच एमबीहून मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ तिथे वेगळे काढलेले असतात. ते पुसले आणि ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद केले, तर साठवण पुन्हा लवकर भरत नाही. नुसती कॅश पुसून मात्र फारसे साधत नाही. ती दोन दिवसांत परत भरते, आणि तोवर ॲप उलट हळू चालते, कारण कॅश ही ॲपला वेग यावा म्हणूनच ठेवलेली असते. एकूण जागेपैकी १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी राहील असे पाहणे, हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

दुसरे कारण ॲप्सचे. फोन तोच राहतो, पण त्यावर चालणारे सॉफ्टवेअर दरवर्षी वाढत जाते. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये शासनाकडून मोबाइल मिळाले, राज्यभरात एक लाखाच्या घरात. फोनची रॅम दोन जीबी होती. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले आणि बालकांची वजने, उंची, आहारवाटप अशा सगळ्या नोंदी त्यावर भरणे सक्तीचे झाले. फोन तापू लागले, अडकू लागले, नोंद अर्ध्यावर असताना बंद पडू लागले. दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करायची वेळ सेविकांवर आली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. त्या फोनांची आणि ते हाताळणाऱ्यांची यात चूक नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या बेताने घेतलेल्या यंत्रावर दुप्पट ओझे टाकले, की असेच होणार. ॲप लिहिणाऱ्यांनी ते सर्वांत साध्या फोनवर तपासून पाहिले पाहिजे, हे या प्रकरणातून स्पष्टपणे पुढे आले.

रॅम अपुरी पडली की अँड्रॉइड मागे उघडी असलेली ॲप्स स्वतःहून बंद करते. मग यूपीआयचे ॲप उघडून ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जावे आणि परत यावे, तर ते ॲप पहिल्यापासून सुरू होते. यावर पुष्कळ लोक ‘बूस्टर’ किंवा ‘क्लीनर’ नावाची ॲप्स घेतात. ती सतत जागी राहून रॅमच खातात, जाहिराती दाखवतात आणि जे काम अँड्रॉइड स्वतः नीट करते त्यात ढवळाढवळ करतात. ती काढून टाकणे हाच मोठा उपाय ठरतो. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स वर सरकवून बंद करण्याची सवयही उलटी पडते. ॲप नव्याने सुरू करायला प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही जास्त लागतात. साठवणीतली जागा रॅम म्हणून वापरण्याची ‘व्हर्च्युअल रॅम’ची सोय स्वस्त फोनांत फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती जागाच मुळात संथ असते.

एखादे घेतलेले ॲप गुन्हेगार आहे का, हे ‘सेफ मोड’मध्ये कळते. या अवस्थेत नंतर टाकलेली सगळी ॲप्स झोपलेली असतात. इथे फोन सुरळीत चालला, तर अलीकडे टाकलेली ॲप्स एकेक करून काढत जावे. मोठ्या अपडेटनंतर पहिला दिवस फोन हळू चालतो, तो आजार नव्हे. ॲप्सची नव्याने जुळणी मागे चालू असते. फोन रात्रभर चार्जिंगला लावून थांबावे.

बॅटरीचा वेगाशी असलेला संबंध फार लोकांना २०१७ पर्यंत माहीतच नव्हता. लिथियम-आयन बॅटरी जुनी होताना दोन गोष्टी घडतात. तिची धारणशक्ती घटते, हे सर्वांना जाणवते. तिचा अंतर्गत रोध वाढतो, हे जाणवत नाही. कॅमेरा उघडताना किंवा गेम सुरू होताना प्रोसेसर क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. जुन्या बॅटरीचा दाब त्या क्षणी एकदम खाली येतो, आणि २५ टक्के चार्ज दिसत असतानाच फोन बंद पडतो. ॲपलने यावर २०१७ च्या जानेवारीतल्या अपडेटमध्ये तोडगा काढला. बॅटरी थकली असेल, तर प्रोसेसरचा वेगच आवरायचा. पण हे गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगितले नाही. डिसेंबरमध्ये कॅनडातल्या एका वेग-चाचणी कंपनीने आकडे प्रसिद्ध केल्यावर ॲपलला कबुली द्यावी लागली. पुढे बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलर झाला, आयफोनमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसू लागली, आणि फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. तांत्रिक तोडगा चुकीचा नव्हता. तो लपवणे चुकीचे होते, कारण हजारो लोकांनी बॅटरी बदलायची सोडून फोन बदलला.

अँड्रॉइड फोनांत हाच प्रकार आडवाटेने येतो. बॅटरी पुरत नाही म्हणून माणूस ‘बॅटरी सेव्हर’ कायम चालू ठेवतो. हा सेव्हर पुष्कळ फोनांत प्रोसेसरचा वेग कमी करतो. महिन्याभराने त्याला सेव्हर चालू असल्याचे आठवत नाही, फोन मंद झाल्याचे तेवढे जाणवते.

मराठवाड्यात बॅटरी लवकर थकते, त्याला उन्हाळा कारण आहे. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो. आयफोनसाठी ॲपलने ठरवलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंशांची आहे, म्हणजे इथला उन्हाळ्यातला दुपारचा वापर मुळातच मर्यादेबाहेरचा. पूर्ण चार्ज केलेली लिथियम-आयन बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांत ठेवली, तर सुमारे ६५ टक्केच. तीच बॅटरी ४० टक्के चार्जवर ठेवली, तर ४० अंशांतही सुमारे ८५ टक्के क्षमता टिकते. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की बॅटरी सर्वांत जास्त झिजते, हे या आकड्यांतून उघड होते. जालना रोडवर दुपारी दुचाकीच्या हँडलला फोन लावून नकाशा बघत डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचे फोन नेमके याच अवस्थेत असतात: ऊन, पूर्ण उजळलेला पडदा, जीपीएस, मोबाइल डेटा, आणि चार्जरही जोडलेला. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, पडदाही आपोआप अंधुक होतो. ही मंदी तात्पुरती असते. कव्हर काढून फोन सावलीत ठेवला की वेग परत येतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकार मात्र कधीही करू नये. आत दव धरते आणि सर्किट जाते. पत्र्याच्या खोलीत, उशीखाली, रात्रभर १०० टक्क्यांवर चार्जिंगला ठेवणेही बॅटरीला मारक आहे. आता बऱ्याच फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती उन्हाळ्यात तरी चालू ठेवावी.

बॅटरी बदलण्याचे काम दिसते त्याहून नाजूक आहे. कारागीर आधी फोन बंद करतो. मग हीट प्लेटवर किंवा हॉट एअर गनने कडेचा गोंद मऊ करतो, पातळ प्लास्टिकच्या पात्याने मागचे झाकण सोडवतो आणि इतर काहीही करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढतो. चिकटलेल्या बॅटरीखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून तो वाट पाहतो. इथे घाई करून लोखंडी पाते घातले आणि बॅटरीला भोक पडले, तर ती जागच्या जागी पेट घेते. नवी बॅटरी बसवण्याआधी फोन डीसी पॉवर सप्लायला लावून तो किती प्रवाह ओढतो ते मीटरवर पाहिले जाते. बंद फोनही प्रवाह ओढत असेल, तर बोर्डवर कुठेतरी गळती आहे. चांगल्या दुकानाची ओळख अशा तपासणीतून पटते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर काही कंपन्यांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती मिळते. दुकानात जाण्याआधी तिथे पाहून ठेवावे. काढलेली, विशेषतः फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये, ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

फॉरमॅट, म्हणजे फॅक्टरी रीसेट, हा शेवटचा उपाय. तो करण्याआधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप हवा, आणि जीमेलचा पासवर्ड तोंडपाठ हवा. अँड्रॉइड ५.१ पासून फोनला चोरीविरोधी कुलूप असते. फोन लॉक असताना बाहेरून रीसेट मारला, तर आधीच्याच गुगल खात्याचा पासवर्ड टाकल्याशिवाय तो उघडत नाही. पासवर्ड विसरलेली माणसे टेबलासमोर ताटकळताना पाहिली, की ही सूचना पहिल्या पानावर छापावी असे वाटते. रीसेटनंतर जुनी सगळी ॲप्स जशीच्या तशी परत घेतली, तर जुनी मंदीही परत येते. रोज लागणारी तेवढीच घ्यावीत.

हे सगळे करूनही फोन लोगोवर अडकत असेल, रिकामा असूनही फाइल उघडायला मिनिट लागत असेल, तर साठवणीची चिपच झिजलेली असते. मायक्रोस्कोपखाली ती बदलता येते, पण जुनी माहिती जाते, कारण ती त्याच फोनच्या किल्लीने कुलूपबंद केलेली असते. सुरक्षेची अपडेट्स कायमची थांबलेल्या फोनवरही बँकेचे व्यवहार करू नयेत, त्याचा वेग कितीही चांगला असो. अशा वेळी नवा फोन घेताना रॅमच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: स्टोरेज यूएफएस आहे का, आणि अपडेट्स किती वर्षे मिळणार. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट्स आणि ८०० चार्जिंग-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी सक्तीची केली आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलांपैकी काही भारतातही मिळतात.